मेलवरचा गोल शिक्का

ते प्रकरण मी विसरलेले नाही आणि विसरावं असं मला वाटतही नाही. फसवणुकीच्या प्रकरणात काय आठवायचं, रोज एक येतं, असं आमच्या खात्यातलेच लोक म्हणतात. रोज येतं हे खरं. पण त्या दिवशी जी फसली होती तिलाच आरोपी करायला निघाले होते, आणि एका विशीतल्या मुलीने ते होऊ दिलं नाही. म्हणून लिहिते. नाव कोणाचंच लिहीत नाही, ठाण्याचंही नाही आणि कंपनीचंही नाही.

मी अधिकारी नव्हते. नवरा पोलीस शिपाई होता, तो नोकरीत असतानाच गेला आणि अनुकंपेवर मला चतुर्थ श्रेणीत घेतलं. तेव्हा चौथी पास चालायचं. आमचं ठाणं चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. झाडलोट, पाणी, टपाल साहेबांच्या टेबलावर नेणं, शिक्क्याच्या पॅडला शाई घालणं ही माझी कामं. शिवाय महिला शिपाई बंदोबस्ताला गेलेल्या असल्या की ठाण्यात आलेल्या बाईमाणसाजवळ मला बसवायचे. शेजारी बसून बसून मी पुष्कळ जबाब ऐकले. मी बोलत नसे. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक कसेही वागतात, त्यामुळे दिसायचं मात्र सगळं.

खबर फोनवर आली. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदार म्हणून एक जुने हवालदार होते, इथल्याच गावचे, चौकातल्या ट्रॅफिकवर बरीच वर्षं काढलेले. फोन ठेवून ते मला म्हणाले, "मावशी, एक खुर्ची टाका. चक्रीच्या कंपनीच्या गेटवर पोरगी धरलीय. खोटं पत्र घेऊन नोकरीला आली म्हनं."

चक्रीची कंपनी हे तिचं खरं नाव नव्हे. आमच्या पट्ट्यात कंपनीला नावाने कोणी ओळखत नाही. नावं इंग्रजी, लांबलचक आणि एकासारखं दुसरं. बसवर जे चित्र असेल ते नाव. हरणाची कंपनी, तीन डोंगरांची कंपनी, चक्रीची कंपनी. शिफ्टच्या वेळी चौकात बसची रांग लागली की कोणी अक्षरं वाचत उभं राहत नाही. चित्र बघायचं आणि चढायचं. चित्र चुकलं तर हजेरी चुकली.

मुलीला कंपनीच्याच गाडीतून आणलं. दोन सुरक्षारक्षक आणि भरती करणाऱ्या खात्याचे एक साहेब बरोबर होते. सगळे त्यांना एचआर साहेब म्हणत, मीही तेच लिहिते. मुलगी आयटीआय झालेली, मराठवाड्यातून आईबरोबर इकडे आलेली. अंगावर इस्त्रीचा ड्रेस, काखेत प्लॅस्टिकची फाइल आणि पायांत कारखान्यात घालतात ते जाड काळे बूट. अगदी नवे, चालताना करकरत होते. पत्रात लिहिलं होतं, बूट घालून हजर व्हावे. ती झाली होती.

"बस," हवालदार म्हणाले.

"उभीच बरी हाय मी."

एचआर साहेब आधी बोलले. "असली पत्रं घेऊन आधीही काही जण आले होते. समजावलं की परत गेले. ही गेली नाही. गेटसमोर बसली. म्हणे आत घ्या, नाहीतर घेणार नाही असं लिहून द्या. आमच्या मालाच्या गाड्या आत येईनात."

"बसले मी," मुलगी म्हणाली. "बोलावलंय मला. मी काय आमंत्रणाशिवाय जेवायला आले का?"

हवालदारांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं.

मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या पोलीस निरीक्षकांनी, तिला आणि एचआर साहेबांना आत बोलावलं. मी दाराशी स्टुलावर बसले. साहेबांची पद्धत अशी की आवाज चढवायचा नाही, एकच प्रश्न तीन बाजूंनी विचारायचा.

"पत्र कोणी दिलं?"

"मेलवर आलं."

"कोणाच्या मेलवरून?"

"कंपनीच्या."

"कंपनीचीच कशावरून?"

तिने मोबाइल टेबलावर ठेवला. "हे बघा की. गोल शिक्का हाय."

मीही वाकून पाहिलं. मेलची यादी होती आणि त्या मेलच्या नावाजवळ एक छोटा गोल होता. गोलात निळी दातेरी चक्री, बसवर असते तशीच.

एचआर साहेब मोठ्याने हसले. "शिक्का? अगं, त्याला शिक्का नाही म्हणत."

"मग काय म्हणतात?"

एचआर साहेब अडखळले. "ते... येतं तसं. आपोआप."

"आपोआप तुमची चक्री कशी येईल? माझ्या मावसभावाच्या मेलवर तर येत न्हाई."

मला हसू आलं नाही. आपल्याकडे कागद खरा की खोटा हे ठरतं कशावरून? खाली गोल शिक्का आहे का ते बघून. शाळेचा दाखला असो, तलाठ्याचा असो नाहीतर आमच्या ठाण्याचा. लांबट शिक्का दुकानदारही करून घेतो, गोल शिक्का कचेरीचा. हे तिला शाळेने शिकवलं, ग्रामपंचायतीने शिकवलं आणि आम्हीही शिकवलं. तिने कागदावर बघायची सवय मेलवर लावली. त्यात वेडेपणा कुठे होता?

मोठ्या साहेबांचे प्रश्न संपत नव्हते, पण तेवढ्यात महामार्गावर कंटेनर उलटल्याची वर्दी आली. उठताना ते हवालदारांना म्हणाले, "मी येईपर्यंत काही दाखल करू नका. फौजदार मॅडम कोर्टातून आल्या की मोबाइल त्यांना दाखवा." ठाण्यातले मोबाइल-कॉम्प्युटरचे अर्ज या फौजदार मॅडम बघत.

साहेबांची जीप गेली आणि एचआर साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"हे बघ मुली, दोन रस्ते आहेत. मी आता लेखी फिर्याद देतो, बनावट पत्राचा गुन्हा. नाहीतर तू या माफीनाम्यावर सही करून दे, आम्ही विषय सोडतो. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

भलं कसलं, ते मला ठाऊक होतं. आमच्या पट्ट्यात कुठल्याही गेटवर पहिल्या दिवशी चारित्र्य पडताळणीचा कागद मागतात, आणि तो आमच्याच ठाण्यातून जातो. त्या कागदावर गुन्ह्याचा रकाना असतो. त्यात एकदा ओळ पडली की मग हरणाची काय आणि डोंगरांची काय, सगळी गेटं बंद. आणि माफीनामा दिला तरी तो कंपनीच्या कपाटात राहणार. उद्या कोणी विचारलं तर हिने गुन्हा कबूल केलाय म्हणून दाखवायला. मुलीने आयटीआयची दोन वर्षं ज्याच्यासाठी काढली, ते सगळं त्या सकाळी त्या टेबलावर होतं.

थोड्या वेळाने तिची आई आली. कांद्याच्या बाजारात निवडायला जायची ती, तशीच उठून आली होती. पदराला कांद्याची सालं चिकटलेली. आल्या आल्या हवालदारांच्या पायाला हात लावायला वाकली.

"ए बाय, पाया नगं पडू. मी काय द्येव हाय का," हवालदार मागे सरकले.

आई मुलीकडे वळली. "सही कर माय. साहेब सोडतो म्हणायलेत. मोठ्या लोकांशी आपलं काय चालतंय?"

"काय लिहिलंय त्यात, वाचलंस का?"

"मला कुठं वाचता येतंय."

"मग मी सांगते. त्यात लिहिलंय की मी जाणूनबुजून खोटं पत्र आणलं. मी आणलं का जाणूनबुजून?"

"आणलं न्हाईस, पर सही केल्यानं सुटती ना तू."

"सही न करता अडकले तर पोलिसांनी अडकवलं म्हणता येईल, आई. सही केली तर मीच अडकवलं."

आई रडायला लागली. हवालदार मनाने वाईट नव्हते, पण त्यांनाही मिटवामिटवी बरी वाटत होती. ठाण्यात हे नेहमीचं आहे. गरिबाला माफी मागायला लावली की दोन्हीकडचं काम लवकर संपतं. "पोरी, मिटव," ते म्हणाले, "साहेब येईपातूर मोकळी व्हशील."

एचआर साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मावशी, तुम्ही आधी समक्ष म्हणून सही करा. तुमची सही बघितली की तिला धीर येईल."

माझ्याकडे सहीसाठी कागद नेहमी यायचे. मावशी, इथे. मावशी, खाली. मी करायची. त्या दिवशी पेन हातात घेतलं आणि नेहमीसारखं सरळ सहीच्या जागेकडे न जाता वरून वाचायला लागले. मला वाचायला वेळ लागतो. एचआर साहेब पेनाच्या टोपणाशी चाळा करत होते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'हा माफीनामा मी कोणत्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.'

मी पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"यात दबावाशिवाय लिहिलंय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून परत म्हणाले. "दबाव तर मी सकाळपासून बघतेय. मी कशी सही करू?"

"अहो मावशी, तो नुसता मजकूर असतो!"

"मग मजकुरावर सही दुसऱ्या कोणाची घ्या."

हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू पाण्याचा माठ बोलला. पण रागावले नाहीत. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, साहेब. मॅडम येऊ द्या." मुलगी तेव्हा पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

फौजदार मॅडम जेवणाच्या वेळेला आल्या. डबा न उघडता त्यांनी मोबाइल घेतला. ती मेल उघडली, पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला आणि मोबाइल सगळ्यांना दिसेल असा धरला.

"या गोलात कोणीही फोटो लावू शकतं," त्या म्हणाल्या. "फुकटचं खातं काढायचं आणि आपल्या फोटोच्या जागी कंपनीची चक्री डकवायची. मेल गेली की समोरच्याला चक्री दिसते."

"म्हणजे शिक्का नसतोच का?" मुलीने विचारलं.

"असतो. तुझं अगदीच चुकलेलं नाही. कंपनीला खरोखरीचं चिन्ह लावून घेता येतं. आधी सिद्ध करावं लागतं की मेल आमच्याच पत्त्यावरून निघते आणि चिन्ह आमच्याच नावावर नोंदलेलं आहे. ते तपासून प्रमाणपत्र देणारे वेगळे असतात. मग बऱ्याच जणांच्या मेलमध्ये ते चिन्ह दिसतं, आणि तू वापरतेस तशा मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाला लागून एक निळी बरोबरची खूण येते. ती खूण फोटो लावून येत नाही."

हवालदार म्हणाले, "म्हंजी खाकी कापड कुनीबी शिवून घ्येईल, बिल्ला मातर खात्याचाच."

"अगदी तसं. इथे बघा, चक्री आहे, निळी खूण नाही." मग मॅडम मुलीला म्हणाल्या, "हिच्याशिवाय दुसरी काही मेल आली होती का, कंपनीच्या नावाने?"

"आली होती एक. ती खोटी होती. मी स्पॅममध्ये टाकली."

"खोटी कशावरून?"

"तिला चक्री कुठं होती? नुसता जांभळा गोल आणि त्यात एक इंग्रजी अक्षर."

मॅडमनी ती मेल शोधून काढली. वाचली. पुन्हा वाचली. मग मोबाइल एचआर साहेबांपुढे धरला. "हा पत्ता तुमच्या कंपनीचा आहे?"

"हो, आमचाच."

"मग मोठ्याने वाचा."

त्यांनी वाचलं नाही. मॅडमनीच वाचलं. मुलाखतीत आपली निवड झाली आहे, अमुक तारखेपर्यंत हजर व्हावे. ती तारीख उलटून गेली होती. मुलीला नोकरी खरोखरच लागली होती. खरं पत्र तिने फेकून दिलं होतं आणि खोटं पत्र छातीशी धरून गेटवर बसली होती.

आईला काय झालं ते कळेना, ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मुलगी रडेल असं मला वाटलं. ती उठली. बूट करकरले.

"साहेब," ती एचआर साहेबांना म्हणाली, "चोराकडं तुमची चक्री होती. तुमच्याकडं नव्हती. मी कुणाला खरं मानायचं होतं?"

साहेबांनी चष्मा पुसला. "आमच्या कॉम्प्युटरवाल्यांनी मागे सांगितलं होतं चिन्हाचं. ते... राहून गेलं."

"तुमचं राहून गेलं आणि माफी मी लिहायची?"



आता चोर शोधायचा होता. मॅडमनी गोलावर बोट ठेवून चक्रीचं चित्र मोठं केलं. चक्रीच्या मधून एक उभी काळी रेघ गेलेली होती. मॅडमना वाटलं मोबाइलच्या काचेला तडा आहे. हवालदारांनी चष्मा चढवला. "तडा न्हाई मॅडम. ही दाराची फट हाय. बसच्या दारावर चक्री काढत्यात, दार मिटलं की मधी अशी रेघ दिसती. आवं, आमी निम्मी नोकरी बसच्या दारापुढं शिट्टी मारत काढली."

म्हणजे चित्र कंपनीच्या बसचा फोटो काढून घेतलेलं होतं. मॅडम मुलीकडे वळल्या. "मुलाखतीला कशी गेली होतीस?"

"कंपनीच्या बसनं. चौकातून घेतलं सगळ्यांना."

"बसमध्ये कोणी काही विचारलं?"

मुलगी थांबली. सकाळपासून सगळ्यांनी तिला पत्राचं विचारलं होतं, बसचं कोणीच विचारलं नव्हतं. "एक जण होता. दारातच उभा. गळ्यात कार्ड. सगळ्यांचे मेल मोबाइलवर लिहून घेतले त्यानं. म्हणाला, पुढच्या वेळी बस कुठं थांबणार ते मेलवर येईल."

एचआर साहेब ताठ झाले. "असा माणूस आम्ही ठेवलेला नाही. बस ठेकेदाराच्या असतात."

तो ठेकेदाराकडचाच निघाला. बसच्या फेऱ्या लावायचं काम करायचा. दुसऱ्या दिवशी बस उभ्या असतात तिथून त्याला ताब्यात घेतलं. कपडे, मेडिकल अशी कारणं सांगून त्याने बऱ्याच मुलामुलींकडून पैसे उकळले होते. चौकशीत तो घाबरला नाही, उलट वाद घालायला लागला. "मी फक्त फोटो लावला मॅडम. माझ्या मेलमध्ये कुठं लिहिलंय मी कंपनीचा मालक आहे म्हणून? विश्वास त्यांनी ठेवला, त्यात माझा काय गुन्हा?" मी चहाचे कप भरत होते. नोकरीत मी कधी आरोपीशी बोलले नाही, तेव्हाही बोलले नाही. पण त्याचा कप मात्र मी भरला नाही.

मोठ्या साहेबांनी मुलीला फिर्यादी केलं. तिचं नाव शेवटी गुन्ह्याच्या कागदावर आलंच, पण वरच्या रकान्यात. जबाब लिहिण्याआधी एचआर साहेब आले, सोबत पेढ्यांचा बॉक्स. म्हणाले, तारीख वाढवून देतो, सोमवारपासून ये, फक्त ते जांभळ्या गोलाचं जबाबात घेऊ नको, कंपनीचं हसं होतं.

"नोकरी मला तुमच्या पत्रानं लागलीय, पेढ्यानं न्हाई," मुलगी म्हणाली. "जबाबात सगळं येईल."

आलं. एक ओळही गाळली नाही तिने. मॅडम लिहीत होत्या आणि ती प्रत्येक पान वाचून मगच सही करत होती. तरीही कंपनीला तिला घ्यावं लागलं. जबाबाला जोडलेलं निवडीचं पत्र त्यांचं स्वतःचं होतं, ते नाकारणार कोणत्या तोंडाने?

पुढे कंपनीने चिन्ह लावून घेतलं, निळ्या खुणेसकट. मॅडमनी मला मोबाइलवर दाखवलं. चांगलं केलं. पण लोक अजून मला म्हणतात, शिकलेली मुलगी, तरी कशी फसली? मी ऐकून घेत नाही. या पट्ट्यात हजारो माणसं रोज चित्र बघून बसमध्ये चढतात आणि बरोबर आपल्या गेटवर उतरतात. चित्रावर विश्वास ठेवणं हा आमचा अडाणीपणा नाही, त्यावर इथले कारखाने चालतात. ज्याचं चिन्ह आहे त्याने ते राखावं. त्याने उघड्यावर टाकायचं, चोराने उचलायचं आणि फसलेल्याने कान पकडायचे, हा न्याय मला मान्य नाही. तेव्हा नव्हता, आता पेन्शनीत तर मुळीच नाही.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी तिची दुसऱ्या नोकरीसाठीची चारित्र्य पडताळणी आमच्याकडे आली. आता हे काम ऑनलाइन चालतं, तरी ठाण्यात एक प्रत निघायची, साहेबांची सही व्हायची. टपाल नेताना मी नाव ओळखलं. दाखल गुन्ह्यांचा रकाना बघितला. तिथे एकच शब्द होता, 'निरंक'. नोकरीभर हा शब्द मी कितीतरी कागदांवर पाहिला असेल, कधी थांबून वाचला नव्हता.

शिक्का मारायचं काम कारकुनाचं. तो जेवायला गेला होता. मी कागद साहेबांकडे नेला, त्यांनी सही केली आणि शिक्का माझ्याकडे सरकवला. "मारा मावशी, तुम्हीच मारा."

पॅडला मी सकाळीच शाई घातली होती. कागद सरळ केला, शिक्का दोन्ही हातांनी धरला आणि दाबला. गोल पुरा उमटला, कुठेही रेघ नव्हती.